मामा, शेवटची गाडी माझी

मामा, जय भीम.

उद्या दिवस उगवताना आपल्या दहा मोटारसायकली नागपूरला निघून राहिल्या, दीक्षाभूमीला. तू जाऊन पाच महिने झाले. तुझ्याबिगर ही पहिलीच खेप, म्हणून लिहून राहिले. नववीत शाळा सोडल्यापासून वहीला हात लावला न्हाई. अक्षर वाकडं हाय, हसू नको!

आता दुपार हाय. वारंगा फाट्यावर ऊन लय, गॅरेजवर कोणीच न्हाई. मी तुझी हत्याराची पिशवी उघडून बसले. तुझ्या जुन्या जीन पँटीचे पाय कापून मामीनं शिवलेली ती. बारा-तेराचा पाना, चौदा-पंधराचा, पक्कड, चेनचं लॉक, दोन क्लच वायरी, ट्यूब, टायर उकलायच्या पट्ट्या, हातपंप. प्लगपाना कुठंच दिसंना. सीटखाली निघाला. दरसाली तू तिथंच ठेवून विसरायचास न्हाई का?

तुझी गाडी कायम शेवटची. बाकीचे पुढं पळायचे. "ज्याची बंद पडन, त्याच्यापाशी मी आपोआप पोचतो," म्हणायचास. लोकं चिडवायचे, "मधुकरची गाडी म्हातारी झाली." तुला राग कसा यायचा न्हाई रे?

मला मातर राग हाय. तुझ्यावर.

मागच्या साली मी तुझ्या मागं बसून आले होते. आर्णीपाशी भास्करकाकांची क्लच वायर तुटली. तू चहा पिऊन राहिला होतास, वायर मी टाकली. मी! काकांनी क्लच दाबून बघितला, म्हणाले, "वा मधुकर, लोण्यावानी झाला." आन् तू काय म्हणालास? "व्हय, आपला हात हाय." काहून मामा? मी तिथंच उभी होते, बोटाला ग्रीस घेऊन. गिऱ्हाईकाला बी तेच सांगायचास, "भाची हाय, चहापाणी द्यायला येते." पोरीच्या हातात कोणी गाडी देणार न्हाई म्हणून, हे समजते मला. पण लागलं. सांगायचं राहून गेलं. मला सांगता कुठं येते? शाळेत वाचायला उभं केलं की घसा बंद, आन् वर्ग हसून राहिलेला. त्यानंच तं शाळा सुटली.

आता परवाचं ऐक.

भास्करकाका आन् काकू बाळापूरहून आले. काका गाडीवरूनच म्हणाले, "सुजे, मधुकरची पिशवी दे. यंदा शेवटची गाडी माझी."

मी हातातला पाना पुसायला घेतला.

"आन् तू जीपमधी बस, बायांसंगं. रस्त्यात काही झालं तं पोरगी काय करन?"

खरं सांगते मामा, मी पिशवी उचलली होती. देऊनच टाकत होते. तेवढ्यात त्यांच्या चेनवर नजर गेली. नवीकोरी, आन् कपडे वाळायच्या तारेवानी ताणलेली.

"कशी कसली?" एवढंच निघालं तोंडातून.

"स्टँडवर उभी करून, सोताच्या हातानं. आता जरा बी खडखड न्हाई!"

मला तू पिळलेला कान आठवला. पहिल्यांदा मी बी अशीच रिकाम्या गाडीवर कसली होती. तवा तू मागं सिमेंटचं पोतं ठेवून सोता पुढं बसलास, म्हणालास, "आता दाब बरं."

मी काकांना उतरवून गाडी धरली. पुढं मी बसले, मागं काकूला बसवलं. "काका, तुमी खाली बसा. चेन दाबा."

"काहून?"

"दाबा तं."

काका उकिडवे बसले. बोटानं दाबली, मंग अंगठ्यानं. हलंच ना.

काकू म्हणाल्या, "माझ्या वजनानं व्हय गं?"

"कोणाच्या बी. दोन माणसं, वर सामान. खड्ड्यात गाडी दबली की चेन तुटन, न्हाई तं बेरिंग जाईन."

"बघा!" काकू हसायला लागल्या. "तुटली असती तं यांनी गावभर सांगितलं असतं, बायको जाड हाय म्हणून तुटली!"

मी चाक सैल करून चेनला अंगठाभर ढील दिली. काकांनी परत दोनदा दाबून बघितली. मंग हात पुसला आन् म्हणाले, "बराबर हाय. आता पिशवी दे."

"न्हाई."

मामा, मी म्हणाले! "पिशवी माझ्यापाशी राहीन. समद्यांच्या मागं मी येईन. लायसन हाय माझं. जीपमधी मी बसणार न्हाई."

काकूनं पदर खोचला, "चला हो. आपली गाडी हिच्याच पुढं ठेवा."

कुरकुर अजून चालूच हाय. काल दहा गाड्यांतल्या दुसऱ्या दोघांनी मामीला फोन केला, पोरीला आवर म्हणून. मामीनं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आन् खिळ्यावरची तुझ्या गाडीची चावी काढून माझ्या हातात दिली. संध्याकाळी तीच मागं बसली, मी चेन तपासली तवा.

तं मामा, शब्द देते. रस्त्यात कोणाची बी गाडी बंद दिसली, आपल्या दहातली असो नसो, मी थांबीन. एकाला बी मागं सोडणार न्हाई. आन् कोणी इचारलं, "कोणी केली दुरुस्त?" तं तुझं नाव घेणार न्हाई. राग आला तं येऊ दे. घसा बंद झाला तरी दोनदा म्हणीन, तीनदा म्हणीन, पण मी माझंच नाव सांगीन.

तुझी भाची,
सुजाता मेकॅनिक