पाट उपसायला आईच गेली

इद्दर,

मी गावाच्या भुयारी पाटातला गाळ उपसायला चालले आहे. दर घरातून एक माणूस उतरलंच पाहिजे, नाहीतर त्या घराची पाण्याची पाळी जाते. तू मात्र "त्या कोरड्या बिळात काय ठेवलंय?" म्हणून हात झटकलेस. कोरडं केलं कुणी रे? तू वरच्या अंगाला बोअर मारलंस, कलिंगडं पिकवलीस आणि खाली सगळ्या गावाची खजुराची झाडं वाळली.

आज आम्ही तिघंच म्हातारे आहोत. बाकीच्यांनी तुझंच बघून बोअरवाल्याला बोलावलंय. आता कुणाला काय बोलायचं!

रोटी झाकून ठेवली आहे, ऑलिव्ह फडताळात आहेत. मी आत असेपर्यंत तरी मोटर बंद ठेव. थोडी ओल आली तर डोळ्यांनी बघेन.

पाटाचं छत भुसभुशीत झालंय. मी आतच राहिले, तर तुझ्या बोअरच्या पाण्याने मला न्हाऊ घालू नकोस. पाणी नसेल तिथे मयतावर मातीचा हात फिरवला तरी चालतो. आमच्या गावात पाणी नाही, असंच इमामांना सांग.

तुझी आई,
तूदा