बायकोची एक सकाळ

७ जानेवारी
उद्या निघायचं. डोंगर, बर्फ, लाकडी खोली. ठमी आठ महिन्यांची झाली आणि तेवढेच महिने बायको नीट झोपलेली नाही. आज भाजी चिरता चिरता उभ्यानेच पेंगली. तिला या सुट्टीत एकच गोष्ट हवी आहे म्हणाली, एक अख्खी सकाळ झोप. म्हटलं, एवढंच? दिली! ठमीचं सगळं मी बघणार.

आईने फोनवर विचारलं, तान्ह्या पोरीला थंडीत न्यायची हौस कोणाची? मी म्हटलं, प्लॅनिंग असलं की सगळं जमतं.

ठमी फक्त मिक्सरच्या आवाजावर झोपते. शेजाऱ्यांना वाटतं आमच्याकडे रोज पाहुणे असतात. मिक्सर कुठे नेणार, म्हणून आवाजच मोबाइलवर रेकॉर्ड केला. डोकं लागतं याला.

८ जानेवारी
घाटात ठमीला दोनदा उलटी. दोन्ही वेळा माझ्याच जॅकेटवर. मग बायकोने तिला घेतलं, मला वास सहन होईना. प्रवासाचा दिवस धरायचा नसतो. सुट्टी उद्यापासून.

९ जानेवारी, सकाळ
बर्फ! ठमीला मोजे, त्यावर मोजे, कानटोपी, वरून फुगीर सूट. सगळं चढवून झालं आणि वास आला. सगळं उतरवलं. पुन्हा चढवेपर्यंत ऊन गेलं.

दुपार
शिंका. अंगात कणकण. बायको एकदा माझं कपाळ बघते, एकदा ठमीचा लंगोट. आजारी माणसाकडून कोणी अपेक्षा ठेवू नये. उद्यापासून मात्र ठमी माझी. शब्द म्हणजे शब्द.

१० जानेवारी
बरं वाटतंय, पण एकदम उठलो तर दुखणं उलटायचं. बायको रेकॉर्डिंग लावून ठमीला झोपवते. छान चालतं. शेवटी कल्पना कोणाची!

उद्या शेवटची सकाळ आहे, लक्षात आहे ना, असं तिने विचारलं. म्हटलं, हे काय विचारणं झालं? संध्याकाळी मन रमवायला मोबाइलवर मॅच बघितली.

११ जानेवारी, सकाळ
ठमीला घेऊन बाहेर पडलो. बायकोने आतून कडी लावली. जेवणघरात बसलो, रेकॉर्डिंग लावलं. ठमीचे डोळे मिटायला लागले आणि मोबाइल बंद! थंडीने बॅटरी गारद. मॅचचा काही संबंध नाही. चार्जर कडीच्या आत. स्वयंपाक्याकडे मिक्सर मागितला, तर लाइट नाही म्हणाला.

मग तोंडानेच घुर्र केलं. हुबेहूब. शेजारच्या टेबलावरचे आजोबा चहा घेऊन लांब जाऊन बसले. ठमीने माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि असं भोकाड पसरलं की विचारू नका. दूध घेईना. खेळवलं, नाचवलं, बर्फ दाखवलं. लालबुंद झाली, श्वास रोखून रडायला लागली. माझा घसा बसला, घुर्रही निघेना. आपल्याच पोरीला आपण परके, या विचाराने मलाच रडू फुटलं.

तिला घेऊन खोलीपाशी गेलो. खिडकीतून बघितलं. बायको बुटांसकट आडवी झाली होती. पांघरूणही घेतलं नव्हतं. इतकं गाढ झोपलेलं तिला मी कधी बघितलंय, आठवेना. मनाशी पक्कं ठरवलं, काही झालं तरी उठवायचं नाही.

दार वाजवलं.

तिच्या खांद्यावर गेल्या गेल्या ठमी गप्प. म्हटलं, मी जरा पाठ टेकतो.

परतीच्या गाडीत
जाग आली तेव्हा बॅगा भरून दारात होत्या. आत्ता बायकोच्या मोबाइलवर आईचा फोन आला. सुट्टीत आराम झाला का, विचारत होती. ह्यांची झोप मस्त झाली, असं बायकोने सांगितलं. कौतुकानेच म्हणाली असणार.

माझा मोबाइल अजून बंदच. बायको ठमीच्या कानाशी तोंड नेऊन हळूच घुर्र करते आहे. माझ्याइतकं हुबेहूब नाही जमत तिला. तरी ठमी झोपली.

माझेही डोळे मिटायला लागलेत.