आईचा गुडघा आणि दोन हॉस्पिटलं

३ मार्च

दोन हॉस्पिटलं एक व्हायचं म्हणतायत. होऊ द्यायचं की नाही, ते आमच्या स्पर्धा आयोगाच्या कार्यालयानं ठरवायचं. म्हणजे मी लिहायचं आणि साहेबांनी खोडायचं! एक तलावाजवळचं छोटं, एक हमरस्त्यावरचं मोठं. शहरात तिसरं नाही. मोठ्याचे वकील म्हणाले, "एकत्र आलो की ऑपरेशनं वाढतात, डॉक्टरांचा हात बसतो. पेशंटचंच भलं." मला नाही पटत. पेशंट उठून दुसरीकडे जाईल, या धाकानंच हॉस्पिटल सरळ राहतं. स्पर्धा हवी ती त्यासाठीच — निदान पुस्तकात तरी.

६ मार्च

दादाचा फोन. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, छोट्या हॉस्पिटलात. आई खूश. "तिथल्या सिस्टर किती गोड बोलतात! आणि खिडकीतून तलाव दिसतो." पेशंट हॉस्पिटल कसं निवडतो, यावर मी पानंच्या पानं लिहिते. घ्या!

१० मार्च

दोन्हीकडचे आकडे आले. गोपनीय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जखम चिघळण्याचं प्रमाण छोट्यात मोठ्याच्या कितीतरी पट. पुन्हा पुन्हा पाहिलं. माझीच चूक असेल म्हणून पाहिलं. नाही.

११ मार्च

दादाचा नंबर काढला. लावला नाही.

१२ मार्च

साहेबांना आडून विचारलं — आपल्याच माणसाचा प्रश्न असेल तर? चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि ज्यांची मुलगी इथे नोकरीला नाही, त्यांना कोण सांगणार?" बरोबरच आहे. म्हटलं, मग आकडे जाहीरच करू, सगळ्यांनाच निवडता येईल. तर म्हणे, "मग अवघड पेशंटला कुणी हात लावणार नाही. जो तो धडधाकट गुडघे शोधेल!" हेही बरोबर. सगळ्यांचंच बरोबर आहे, तीच तर पंचाईत.

१५ मार्च

आईकडे गेले. मटार सोलत बसली होती.

"आई, तिथे नको. मोठ्यात कर."

"का गं?"

"सांगता येत नाही."

दादा उसळला. "सांगता येत नाही म्हणजे? एवढ्या लांब रोज डबा कोण नेणार, तू?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग दादाला म्हणाली, "ही उगाच बोलायची नाही. तोंड बघ तिचं. लाव फोन मोठ्या हॉस्पिटलला."

झालं. एकही आकडा न सांगता सगळं सांगून बसले. सुटल्यासारखं वाटतंय. लाजही वाटतेय. जास्त काय, कळत नाही.

१७ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. काम माझ्याकडून काढून शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दिलं. मी दाराशी पोचले तेव्हा साहेब म्हणाले, "मीही हेच केलं असतं." आणि लगेच, "तरी चुकलंच." यातलं कुठलं घरी न्यायचं?

२४ मार्च

ऑपरेशन छान झालं! आई वॉकर धरून दारापर्यंत चालली. दादा माझ्याशी बोलत नाही, आईच्या मार्फत ऐकवतो — "हिला सांग, इथे गाडी लावायला जागा नसते." आई म्हणाली, "पेपरातली ती दोन हॉस्पिटलं एक होतील हो. तुमचं दोघांचं काय?" मी हसले. दादा नाही हसला.

२८ मार्च

चहाला मैत्रीण नजर चुकवत होती. शेवटी पुटपुटली, "तू पाहिलेस ते आकडे जुने होते गं. ताजे आज आलेत. छोट्यानं ऑपरेशन थिएटर नवं केलं, आता तिथे जखमा जवळजवळ चिघळतच नाहीत. मोठ्यात मात्र वाढत चाललंय... मी काही बोलले नाही हं."

चहा तसाच राहिला.

२९ मार्च

दादाचा फोन. थेट मला. "आईला सकाळपासून ताप आहे. जखम लाल झालीय. आता कुठे नेऊ? तूच सांग."