मोर माझा न्हाय

सोलापूर
ता. ७ जून १९७७

प्रिय विजे,

आधी माफ कर. हे पत्र मशीनवर मारलंय, आन चुका लई हायत. नव्या पेठेतल्या टायपिंगच्या क्लासला मी एप्रिलपासनं जाते, सकाळी सात ते आठ, पण अजून एकेक अक्षर हुडकावं लागतं. शेजारची बाई धडाधड मारत जाती, माझं मात्र एक टक, मग शोधाशोध, मग दुसरं टक. ऱ्हस्व-दीर्घ तर मला शाळेतबी कळलं नव्हतं. सर म्हणाले, मनात येईल ते मार, बोटं मोकळी होतील. मनात तूच हायस, म्हणून तुला मारते. तीन सकाळी तरी जातील ह्यात.

मुक्ताबाई आत्याचा गुडघा कसा हाय? तू तितं जाऊन महिना झाला. करकंबात ऊस, आंबा आन आत्याच्या म्हशी, ह्यात तुला माझी कुटं आठवण येतीय. हितं सगळं बरं हाय. आमचे आप्पा होटगीला रेल्वेच्या कामावरच असतात, रविवारी येतात. धाकटा भीमा चौथी पास झाला, गणितात पैकीच्या पैकी. मी त्याला म्हटलं, हे आमच्या विजीकडनं आलंय. तो म्हणतो, विजीअक्का आपली कोण लागते की तिच्याकडनं येईल? मी त्याला एक धपाटा घातला.

आता खरं सांगते. आमच्या चादरीच्या कारखान्यात काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडनं कळायच्या आधी माझ्याकडनं कळू दे.

तुझा बारावीचा फॉर्म तुझ्या आबांनी शुक्रवारी भरला. तुला ते पत्रानं कळवणार होते, पण मला वाटतं मुद्दाम कळवलं न्हाय. त्याच संध्याकाळी माग चालू असताना त्यांनी मला हाक मारली आन म्हणाले, शालन, उद्या सकाळी तू नव्या पेठेत जातीसच की, जाता जाता पुढं कॉलेजात एवढा कागद दे. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नसता त्यांनी. शनवारी मी क्लास सुटल्यावर गेले. खिडकीसमोर लांब रांग होती, आन खिडकी उघडली अकराला. रांगेत उभं राहून फॉर्म उघडला. मला वाटलं, तुझं नाव कसं लिवलंय ते तरी बघू. विजे, गणितावर फुली होती. त्याच्या जागी जीवशास्त्र. आन खाली आबांची सही.

तुला ठाऊक हाय मला माणसांसमोर बोलता येत न्हाय. दुकानात साबण मागायचा तरी मी बोटानं दाखवते. पण गणित गेलं तर तुझं इंजिनेरिंग गेलं, एवढं मला कळत होतं, कारण गच्चीवर बसून तूच मला शंभरदा सांगितलंस. खिडकीतल्या क्लार्कला मी कसंबसं विचारलं, कवापर्यंत घेता? तो म्हणाला, आज पाच वाजेपर्यंत, मग सोमवारी यादी लागणार. जवळ पेन असता तर मीच ती फुली खोडली असती, खोटं कशाला बोलू. पण सही आबांची होती. मी कागद परत घेऊन निघाले.

आता आबांनी असं का केलं ते ऐक. तुला वाटत असंल पोरगी म्हणून. तसं बी असंल. पण खरं कारण मी हाय.

गेल्या दिवाळीच्या आधीचा मोर आठवतो ना? कारखान्यात चादरीची नक्षी शिवपुत्र काका काढतात, ते कागदावर चौकोनात मोर काढणार, मग त्या चौकोनाबरहुकूम मी पुठ्ठ्यांना भोकं पाडणार, आन ते पुठ्ठे मागावर चढले की चादरीत मोर उतरणार. काका डोळ्याच्या ऑपरेशनला अक्कलकोटला गेले. त्यांचा छापील कागद संपलेला. मी शहाणपणा केला, तुझ्या वहीतला शाळेचा आलेखाचा कागद घेतला आन त्याच्यावर मोर उतरवला. चौकोन तर चौकोनच, म्हटलं. चादर निघाली तर मोराची मान ही लांब! बगळा उभा राहिला. तुझे आबा त्या मागाचे जॉबर, माग लावायचं-सांभाळायचं काम त्यांचं, म्हणून मालक त्यांच्यावर भडकले. मागात दोष, हातात दोष, सगळं त्यांच्या डोक्यावर. मी कोपऱ्यात उभी राहून रडत होते, पण चूक माझी हाय हे तोंडातनं निघंना.

संध्याकाळी तुझ्याकडं आले. तू चादर मांडीवर घेतलीस, पट्टी ठेवून धागे मोजलेस. इंचाला उभे धागे बत्तीस, आडवे चोवीस. म्हणजे शाळेच्या कागदावरचा चौकोन कापडावर लांबट होतो, काकांच्या कागदावरचे चौकोन म्हणूनच मुळात उभट असतात. मग तू वहीच्या पानावर काय काय मांडलंस आन मला म्हणालीस, उंचीत चार चौकोन असतील तितं तीनच ठेव. मी तेवढंच केलं. तीन दिवस तेवढंच केलं. मोर असा आला की मालकांनी ती चादर कपाटात काचेमागं ठेवली. आबांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. तू मला सांगून ठेवलं होतंस, माझं नाव काढू नको, स्वयंपाक सोडून कारखान्याची उठाठेव करते म्हणून आबा रागावतील. मी नाव काढलं न्हाय. पण विजे, तू सांगितलंस म्हणून गप्प बसले असं न्हाय. मला ते बरं वाटलं. आठवीत आई गेली, शाळा सुटली, त्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी मला हुशार म्हणालं होतं. आबा येता-जाता सांगायचे, शालनचं डोकं बघा, शाळा न्हाय, गणित न्हाय, तरी मोर सरळ केला. मी मान खाली घालून हसायचे.

आन तेच आबा तुझ्या आईला घरात काय म्हणायचे, ते तुमच्या शेजारच्या बनाबाईनं मला गेल्या आठवड्यात सांगितलं होतं. शालननं शाळेच्या गणिताबिगर एवढं केलं, मग आपल्या पोरीला बारावीला गणित पायजेच कशाला? म्हणजे तुझ्या गणितावर मारलेली ती फुली माझ्यामुळं होती.

कॉलेजातनं मी आधी घरी गेले. पत्र्याच्या पेटीत तुझ्या वहीचं ते पान होतं. ते घेऊन कारखान्यात गेले. दोन वाजले होते, चहाची सुट्टी, सगळे माग बंद. माग बंद असले की त्या शेडमध्ये आपलाच श्वास ऐकू येतो. आबा विचारायला लागले, दिलास का कागद? वीसेक माणसं बसलेली, शिवपुत्र काका काळा चष्मा लावून, मालक दारात. मी म्हणाले,

"आबा, मोर माझा न्हाय. विजीचा हाय."

कुणीतरी हसलं. आबा म्हणाले, पोरी, ऊन लागलं का तुला. शिवपुत्र काकांनी मात्र हसता हसता विचारलं, बरं सांग, चाराचे तीनच का केले, दोन का न्हाई? आन मला सांगता येईना. खरंच येईना, विजे. मी फक्त मोजत गेले होते. मी तुझं पान पुढं केलं. काकांनी ते डोळ्याजवळ नेलं, मग आबांच्या हातात दिलं. आबांना तुझं अक्षर लगेच कळलं, करकंबाला आत्याला जाणारी सगळी पत्रं तूच लिवून देतेस की. त्यांनी पान उलटंपालटं केलं. वर तारीख होती, खाली तुझी सवय, उत्तराभोवती काढलेली चौकट. चहा तसाच ठेवला त्यांनी. मला वाटलं आता मला हाकलणार, मालकांसमोर खोटं ठरवलं म्हणून.

मग म्हणाले, "माझ्या मागावरचा मोर माझ्याच पोरीनं नीट केला, आन मी तिचंच गणित खोडतोय व्हय?"

मी फॉर्म पुढं केला, म्हटलं, पाचपर्यंतच घेतात. शिवपुत्र काका आबांना म्हणाले, हिंदुराव, मग निघा आत्ताच, इथं भाषण नको. सगळे हसले, ह्या वेळी आबाबी. त्यांनी मला सायकलवर मागं बसवलं आन भर उन्हात अशी दामटली की माझी एक चप्पल वाटेत पडली, तरी थांबले न्हाईत. खिडकीत त्यांनी जीवशास्त्र खोडलं, गणित लिवलं, शेजारी परत सही केली. क्लार्क म्हणाला, अहो, गणिताला मुली दोघीच हायत, नीट विचार करा. आबांनी टोपी सारखी केली आन एवढ्या मोठ्यानं म्हणाले की मागची रांगच्या रांग बघायला लागली, "मग तीन लिवा. इंजिनेर व्हायचंय तिला."

गणित, भौतिक, रसायन. सोमवारी यादी लागली. मी तुझं नाव बोटानं तीनदा वाचलं. तिसऱ्या नंबरला हाय. आबांनी तुला पत्र टाकलं असंल, पण ते लाजून एवढं सगळं लिवणार न्हाईत, म्हणून मी लिवते. मालकांनी मला हाकललं बिकललं न्हाय. नुसतं म्हणाले, आता तरी चाराचे तीन का ते शिकून घे.

आन तेच माझ्या डोक्यात बसलंय. वीस माणसांसमोर मला सांगता आलं न्हाय, ते टोचतंय. टायपिंगचे सर म्हणतात, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म असतो. आप्पांना रविवारी विचारलं. त्यांनी विडी विझवली आन म्हणाले, भर. पुढल्या महिन्यात भरते. तेव्हा हे पत्र खरं ह्यासाठी हाय, की तुझी दहावीची बीजगणित-भूमितीची पुस्तकं आत्याच्या मानसिंगला देणार होतीस ना, ती देऊ नकोस. मला पायजेत. आन संध्याकाळी गच्चीवर तू पायजेस, चाराचे तीन का ते पहिल्यापासनं सांगायला. ह्या खेपेला मी नुसती मोजणार न्हाय.

अगं, आत्ताच्या आत्ता खाली नव्या पेठेत हत्ती आलाय. सर्कशीचा. सोनाराच्या दुकानापुढच्या गाड्यावरनं अख्खा फणस उचलला त्यानं, गाडेवाला त्याच्या सोंडेशीच भांडतोय, आन आमचे सर सगळी मशीनं सोडून खिडकीत.

तुझीच, बोटानं यादी वाचणारी
शालन