पिशव्या मोजायला नेल्या आहेत

अहो,

तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. कालपासून माझ्या पोटातून निघालेल्या पाण्याच्या सगळ्या पिशव्या आणि लघवीचा कॅन घेऊन मी रिक्षाने दवाखान्यात गेले आहे. तिथे रक्तही देईन. घरच्या डायलिसिसने अंगातली घाण पुरेशी निघते का, ते यावरून मोजतात. कमी भरलं तर डॉक्टर दिवसाला एक पिशवी वाढवतील. त्याचा एवढा बाऊ करू नका.

दुपारी पोटात सोडायची औषधी पाण्याची नवी पिशवी तेवढी कोमट करून ठेवा.

आणि शिलाई मशीन विकत घ्यायला आज कोणी येणार आहे, हे मला शेजारच्या वहिनींकडून कळलं. शाळेचे गणवेश मी कापून ठेवलेत, ते शिवायचे आहेत. त्या माणसाला चहा द्या आणि परत पाठवा. मालकीण अजून शिवते, म्हणावं.