माझं अडखळणं परत दे

दहिसर (पूर्व)
५ जानेवारी २०२५

चि. नितेश यास अ. उ. आ.

फोनवर भांडायला घेतलं तर तू फाडफाड बोलून मोकळा होशील आणि मी पहिल्याच शब्दाशी झगडत राहीन. म्हणून नेहमीसारखं पत्र.

शुक्रवारी मरोळला आमच्या कारखान्यात सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून तुझ्या भाषणाचा व्हिडिओ दाखवला. तुझ्या पोस्टरवर आडनाव नसतं, त्यामुळे तू माझा धाकटा भाऊ हे तिथे कोणाला माहीत नाही. मी मात्र कॉलर ताठ करून बसलो होतो. गणपतीच्या मंडपात हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा आमचा नित्या आज सूट घालून कंपन्यांना शहाणं करतो, याचं मला कौतुकच आहे. आणि मग तू सांगायला लागलास की लहानपणी तू अडखळत बोलायचास. शाळेत प्रतिज्ञा म्हणायला उभं केलं तेव्हा ‘भारत’मधल्या भ वरच अडकलास, अख्खी शाळा हसली आणि तू पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडलास.

नालायका, तो मी होतो! तू तेव्हा बालवाडीत होतास आणि तिथल्या बाई तुझ्या बडबडीला कंटाळल्या होत्या. वर तू म्हणे रोज सकाळी दातांत पेन्सिल धरून वाचलंस आणि वर्षभरात बरा झालास. कुठली रे पेन्सिल? व्हिडिओ संपल्यावर एचआरच्या श्रुतिका मॅडम माझ्यापाशी आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या की नंदकुमार, मनावर घेतलंत तर तुम्हालाही जमेल. म्हणजे इतकी वर्षं मी मनावर घेतलं नाही, असंच ना? माझं दुखणं चोरलंस ते चोरलंस, वर ते बरंही करून दाखवलंस.

लोभ आहेच, पण सध्या राग जास्त आहे.

तुझा
नंदूदादा

•

अंधेरी (पश्चिम)
९ जानेवारी

ती. नंदूदादास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर अजून झकास आहे तुझं, शिव्यासुद्धा सुबक दिसतात. पण दादा, हा धंदा तुला माहीत नाही रे. लोकांना पडलेला माणूस उठताना बघायचा असतो. मी कशात पडलो होतो? विमा विकायचा कंटाळा आला, एवढ्यावर कोण टाळ्या वाजवणार? सुरुवातीला तुझी गोष्ट मी माझ्या भावाची म्हणूनच सांगायचो. मग लोक विचारायचे की भाऊ आता कसा बोलतो. काय सांगणार होतो मी? एक दिवस भाऊ गाळला, आणि तिथून माझी गाडी सुटली.

तुझं नाव मी कुठेही घेतलेलं नाही. कोणाचं काय नुकसान झालं, सांग ना. १९ तारखेला घाटकोपरला मोठा कार्यक्रम आहे. विमा एजंट सगळ्या महाराष्ट्रातून येतायत आणि त्यांना हीच गोष्ट हवीय. एवढा होऊ दे यार, मग बघू.

चेतनावहिनीला नमस्कार, निधीला गोड पापा. राग उतरला की कळव, तोवर लोभ जपून ठेव.

तुझा
नितेश

•

दहिसर
१२ जानेवारी

चि. नितेश यास आशीर्वाद (हात आखडूनच देतोय).

कोणाचं नुकसान झालं विचारतोस? माझ्या निधीचं. गेल्या गणपतीपासून तीही अडखळते. पोरीची चर्चा नको म्हणून कोणालाच सांगितलं नव्हतं. बोरिवलीच्या थेरपिस्ट बाईंनी बजावलंय की तिला घाई करू नका, तिचं तिला बोलू द्या. आम्ही तेवढंच करत होतो, आणि तिने आईच्या फोनवर काकाचं भाषण पाहिलं.

काल ती बाथरूमचं दार लावून, दातांत पेन्सिल धरून धडा वाचताना सापडली. हिरडीतून रक्त येत होतं. चेतनाने पेन्सिल काढून घेतली तर ती माझ्याकडे वळून विचारते की काका पेन्सिलने बरा झाला, मग बाबा, तुम्ही का नाही धरली? आज तिला बाप आळशी वाटतोय. उद्या पेन्सिल चावून काही झालं नाही की ती स्वतःलाच दोष देत बसेल. हे तुझ्या टाळ्यांमुळे, नित्या!

येत्या रविवारी निधीला घेऊन मी घाटकोपरला येतोय. तिच्यासमोर खरं सांग. नाहीतर प्रश्न विचारायच्या वेळी माईक मी मागीन, आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत तुझ्या एजंटांना जेवायला उठता येणार नाही.

लोभाचं रविवारनंतर बघू.

नंदूदादा

•

अंधेरी
२१ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

निधीचा हात धरून पहिल्या रांगेत बसलेला तू दिसलास आणि माझी वाचाच बसली. मग सांगून टाकलं, की अडखळतो तो माझा भाऊ, मी नाही, आणि पेन्सिल ही शुद्ध थाप आहे. वाटलं, वाट लागली, आता लोक खुर्च्या फेकणार.

तुम्ही लगेच उठून गेलात, म्हणून पुढचं पाहिलं नाहीस. अख्खा हॉल उभा राहिला रे! टाळ्या थांबेचनात. नागपूर आणि कोल्हापूर तिथल्या तिथे पक्कं झालं, आणि त्यांना हा कबुलीचाच भाग हवाय. दादा, तुझा एक फोटो पडद्यावर दाखवला तर चालेल ना? त्यापेक्षा नागपूरला तूच चल. बोलायचं काही नाही, स्टेजवर नुसतं उभं राहायचं.

तुझा लोभ परत मिळाला असं धरून चालतो.

नितेश

•

दहिसर
२ फेब्रुवारी

चि. नितेश यास आशीर्वाद.

फोटो मिळणार नाही आणि मी नागपूरला येणार नाही. बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं, हे तू मला लिहिलंस? शाळेत त्या दिवशी मी तेच करत होतो.

घाटकोपरला तू खरं बोललास तेव्हा माझे डोळे भरून आले होते. निधीने घरी येऊन पेन्सिल कंपासात टाकली. मला वाटलं, भाऊ सापडला. आणि तू तर मी माफ केलं की नाही हे विचारायच्या आत माफीचे दौरे ठरवलेस. लाज कशी वाटत नाही रे तुला?

परवा निधी वर्गात आपणहून बोलायला उभी राहिली. ती काय बोलली, कुठे थांबली, पोरांनी काय केलं, ते सगळं लिहायला मी आज बसलो होतो. तू तिचा काका आहेस, सगळ्यांत आधी तुलाच सांगायचं होतं. पण लिहिता लिहिता मनात आलं की हे तू कोल्हापूरला सांगशील. म्हणून लिहीत नाही.

लोभ आहे. तोही कुठे सांगू नकोस.

नंदूदादा