दाराशी काढलेलं घड्याळ

चि. ताईस आबांचे आशीर्वाद.

आज तुझ्या चिमणीने विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. सकाळी मीच माझं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. म्हटलं, पोरीला वेळेचं भान राहील. पण आत घड्याळ न्यायला बंदी आहे, आणि हॉलच्या दाराशी सगळ्यांची घड्याळं काढून घेणारा मीच, हे काळजीपोटी साफ विसरलो!

रांगेत तिची पाळी आली, तेव्हा कुठे ते माझ्या ध्यानात आलं. तिने मात्र शांतपणे हात पुढे केला. "काढा आबा. सगळ्यांना जो नियम, तोच मला."

शेजारचा शिपाई हसला. "म्हातारबा, आज घरचाच चोर पकडलात की!"

"चोर नाही, नात आहे माझी," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

मग पेपर संपेपर्यंत माझा जीव टांगणीला. पोरीला वेळ पुरेल ना?

ती हसतच बाहेर आली. "सगळं सोडवलं, आबा. घड्याळ ठेवा तुमच्याकडे. प्रवेश मिळाला की याच दारात परत घेईन."

ताई, इतकी वर्षं मी त्या दारातून लोकांची पोरं आत सोडली. आज आपलं माणूस आत गेलं.

तुला तिकडे परक्या गावी घोर नको, म्हणून निकालाआधी कळवायचं नाही, असं तिने बजावलंय. तोवर हे पत्र उशाखाली राहील. घड्याळाला मात्र रोज किल्ली देणार आहे. परत मागेल तेव्हा ते चालू हवं.

तुझे,
दारावरचे आबा